उंदराच्या डोक्यातला नकाशा शोधणारे एडवर्ड टॉलमन

म्हातारपणी स्मरणशक्ती का कमी होते आणि ती टिकवता येते का, यावर आज जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये काम चालू आहे. एखादं औषध माणसाला देण्याआधी ते बहुतेक वेळा म्हाताऱ्या उंदरांना दिलं जातं. पण उंदराला काय आठवतंय हे कळणार कसं? तो बोलत नाही, फॉर्म भरत नाही. त्याला एखाद्या भूलभुलैयात सोडायचं, तो कसा वागतो ते बघायचं आणि त्यावरून डोक्यात काय चाललंय याचा अंदाज बांधायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

हा अंदाज नीट कसा बांधायचा, हे शिकवणाऱ्या लोकांमध्ये एक नाव फार वरचं आहे: एडवर्ड चेस टॉलमन. तुम्ही मानसशास्त्र शिकला नसाल तर हे नाव कदाचित ऐकलं नसेल. पण डोक्यातला नकाशा ही कल्पना त्यांची. आज मेंदूविज्ञानापासून रोबोटपर्यंत ती सगळीकडे वापरली जाते. आणि गंमत म्हणजे हा माणूस मुळात इंजिनिअरिंगवाला होता.

इलेक्ट्रोकेमिस्ट्री सोडून मनाकडे

टॉलमन यांचा जन्म १४ एप्रिल १८८६ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्ट न्यूटन गावचा. वडील एका कारखानदार कंपनीचे अध्यक्ष. आईच्या घरी क्वेकर वळण होतं, म्हणजे साधी राहणी, कष्ट आणि युद्धाला विरोध. मोठा भाऊ रिचर्ड पुढे नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ झाला.

मोठ्या भावाच्या पावलावर पाऊल ठेवून एडवर्डही एमआयटीत गेले आणि १९११ मध्ये इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची पदवी घेऊन बाहेर पडले. पण शेवटच्या वर्षाला त्यांनी विल्यम जेम्स वाचला होता आणि त्यांचा बेत बदलला. पदवी हातात पडल्यावर त्याच उन्हाळ्यात त्यांनी हार्वर्डला तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र अशा दोन विषयांचे वर्ग लावले. तत्त्वज्ञान आपल्याला झेपणार नाही, मानसशास्त्र मात्र जमेल, असं त्यांना वाटलं आणि ते तिथेच राहिले. मधल्या काळात जर्मन भाषा पक्की करायला ते जर्मनीतल्या गीसन इथे गेले. तिथे त्यांची कुर्ट कॉफ्का यांच्याशी ओळख झाली. मन सुटे सुटे तुकडे पाहत नाही, ते आख्खी रचना पाहतं, असं मांडणाऱ्या गेस्टाल्ट विचाराच्या लोकांपैकी कॉफ्का एक. ही ओळख टॉलमनना पुढे फार उपयोगी पडली.

१९१५ मध्ये पीएचडी झाली, लग्न झालं आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नोकरीही लागली. पण तीनच वर्षांत ती गेली. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि टॉलमननी विद्यार्थ्यांच्या एका अंकात युद्धाविरोधी सूर लावला होता. कागदावर कारण वेगळं होतं: युद्धामुळे खर्चकपात आणि शिकवणं फारसं प्रभावी नाही. शिकवण्याबद्दलची तक्रार अगदीच खोटी नव्हती, कारण वर्गात बोलताना ते बुजायचे. तरी आपल्या शांततावादाचाही त्यात हात होता, असं त्यांना वाटत राहिलं.

१९१८ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे आले आणि तिथलेच झाले. नवा विषय सुचवायची संधी मिळाल्यावर त्यांनी प्राण्यांच्या वर्तनाचा वर्ग घेतला. तिथून पांढरे उंदीर त्यांच्या आयुष्यात आले ते कायमचे.

इथे एक खुलासा करायला हवा. इंग्रजीत रॅट आणि माउस हे दोन वेगळे प्राणी आहेत. आपण दोघांनाही सर्रास उंदीरच म्हणतो. टॉलमन यांचं काम रॅटवर, म्हणजे मोठ्या पांढऱ्या उंदरांवर झालं. आजच्या वार्धक्य संशोधनात माउस, म्हणजे छोटा उंदीर जास्त दिसतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

टेलिफोन एक्स्चेंज की नकाशाची खोली?

उंदराला भूलभुलैयात सोडायची पद्धत टॉलमन यांच्या आधीची. १९०१ मध्ये विलर्ड स्मॉल यांनी इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्टच्या प्रसिद्ध भूलभुलैयावर बेतलेली उंदरांसाठीची छोटी आवृत्ती केली होती. टॉलमन या कामात उतरले तेव्हा अमेरिकेत वर्तनवादाचं राज्य सुरू होत होतं. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्येच सांगून टाकलं होतं की मन, विचार, हेतू असल्या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून विज्ञानात त्यांना जागा नाही. बाहेरून काय उद्दीपन मिळालं आणि प्राण्याने काय प्रतिसाद दिला, एवढंच मोजायचं.

या चित्रात उंदीर म्हणजे जुन्या काळचं टेलिफोन एक्स्चेंज. इकडून कॉल आला, तिकडे वायर जोडली. बक्षीस मिळालं की ती जोडणी पक्की होते, नाही मिळालं की ढिली पडते. इथे डावीकडे वळ, तिथे उजवीकडे वळ, अशा सवयींची साखळी म्हणजे शिकणं. येल विद्यापीठातल्या क्लार्क हल यांनी पुढे यावर गणिती सूत्रांची भली मोठी इमारत उभी केली. टॉलमन यांचे ते सगळ्यात मोठे प्रतिस्पर्धी.

टॉलमनही स्वतःला वर्तनवादीच म्हणवून घ्यायचे. वर्तन मोजायचं, हे त्यांना मान्य होतं. पण उंदराकडे नीट पाहिलं तर तो कुठेतरी पोचायला निघालाय हे दिसतं, असं त्यांचं म्हणणं. एक वाट बंद केली तर तो दुसरी धरतो. म्हणजे त्याच्या वागण्यात हेतू आहे आणि तो हेतू वागण्यातूनच मोजताही येतो. टेलिफोन एक्स्चेंजपेक्षा मेंदू हा नकाशा लावलेल्या नियंत्रण कक्षासारखा आहे, असं त्यांनी पुढे मांडलं. बाहेरून आलेली माहिती तिथे जोडून पाहिली जाते, त्यातून जागेचं चित्र तयार होतं आणि मग कुठे जायचं ते ठरतं.

१९३२ मध्ये त्यांनी हे सगळं एका मोठ्या पुस्तकात मांडलं, प्राणी आणि माणसं यांच्या हेतुपूर्ण वर्तनाबद्दलच्या. पुस्तक अर्पण केलं ते पांढऱ्या उंदराला, त्याच्या लॅटिन नावाची आद्याक्षरं छापून.

बक्षीस नाही, तरी शिकणं चालूच

आता त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या प्रयोगाकडे येऊ. साल १९३०, सोबत सहकारी चार्ल्स हॉन्झिक. भूलभुलैया होता टी आकाराच्या १४ तुकड्यांचा. प्रत्येक तुकड्यात एक वाट पुढे जाणारी, एक बंद. रोज एकदा उंदराला सोडायचं आणि किती वेळा तो चुकीच्या वाटेत शिरला ते मोजायचं.

उंदरांचे तीन गट केले:

• पहिल्या गटाला शेवटच्या पेटीत रोज खाणं मिळायचं. त्यांच्या चुका दिवसेंदिवस कमी होत गेल्या.
• दुसऱ्या गटाला तिथे कधीच खाणं मिळालं नाही. ते आपले भटकत राहिले, चुका फारशा कमी झाल्या नाहीत.
• तिसऱ्या गटाला पहिले दहा दिवस काहीच नाही आणि अकराव्या दिवसापासून खाणं सुरू.

वर्तनवादाच्या हिशेबाने तिसऱ्या गटाचं शिक्षण अकराव्या दिवशी सुरू व्हायला हवं होतं. म्हणजे पहिल्या गटाने घेतला तेवढा वेळ यांनाही लागायला हवा. प्रत्यक्षात बाराव्या दिवशीच त्यांच्या चुका धाडकन खाली आल्या आणि ते पहिल्या गटाच्या बरोबरीला पोचले, किंबहुना थोडे पुढेच गेले.

याचा अर्थ पहिले दहा दिवस ते नुसते भटकत नव्हते. ते जागा शिकत होते. फक्त ते दाखवण्याचं काही कारण नव्हतं. बर्कलीतच ह्यू ब्लॉजेट यांनी १९२९ मध्ये असाच निष्कर्ष काढला होता. याला सुप्त अध्ययन म्हणतात.

कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला इथे एक ओळखीची गोष्ट दिसते. डेटाबेसमध्ये माहिती साठवलेली असते, पण कोणी क्वेरीच मारली नाही तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही. स्क्रीन रिकामी आहे म्हणून डेटाबेसही रिकामा, असं कोणी म्हणत नाही. टॉलमननी नेमकं हेच वेगळं केलं: शिकणं ही एक गोष्ट आणि शिकलेलं करून दाखवणं ही दुसरी. वार्धक्य संशोधनाला या एका वाक्याची गरज किती मोठी आहे, ते पुढे पाहू.

त्यांची आणखी एक नोंद आजही रोज वापरात आहे. १९२५ च्या एका लेखात त्यांनी लिहिलं की उंदराला दोन वाटा दिल्या तर तो आलटून पालटून जातो. आत्ता डावीकडे जाऊन आला असेल तर पुढच्या वेळी उजवीकडे. असं करायला मघाशी कुठे गेलो होतो हे लक्षात ठेवावं लागतं. वाय आकाराच्या भूलभुलैयात म्हाताऱ्या उंदरांची तात्पुरती स्मृती तपासतात, ती याच सवयीवर.

अठरा वाटा

तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर खोदकाम सुरू आहे. तुम्ही काय कराल? जवळच्या गल्लीतून घुसाल, कारण घर साधारण कोणत्या दिशेला आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. वळणं पाठ केलेला माणूस मात्र अडकेल. उंदीर कोणत्या प्रकारातला?

१९४६ मध्ये टॉलमन, बेनबो रिची आणि डोनाल्ड कॅलिश यांनी हेच विचारलं. उंदरांना एका वळणावळणाच्या वाटेने खाण्यापर्यंत जायला शिकवलं. मग ती वाट बंद केली आणि तिच्या जागी सूर्याच्या किरणांसारख्या पसरलेल्या अठरा नव्या वाटा ठेवल्या. पाठांतरवाला उंदीर जुन्या वाटेच्या शेजारची वाट धरेल. तसं फार कमी उंदरांनी केलं. सगळ्यात जास्त, सुमारे ३६ टक्के उंदरांनी थेट खाण्याच्या दिशेची वाट निवडली.

या प्रयोगावर टीकाही झाली आणि ती योग्य होती. खाण्याच्या बाजूला एक दिवा लावलेला होता. मग उंदीर नकाशा वापरत होते की सरळ दिव्याकडे जात होते? नंतर इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा प्रत्येक वेळी असा निकाल आला नाही. विज्ञानात हे होतंच. कल्पना बरोबर असू शकते, तरी तिचा एखादा पुरावा कच्चा निघतो.

१९४८ मध्ये टॉलमननी हे सगळं धागे जुळवून उंदीर आणि माणसांच्या डोक्यातल्या नकाशांवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यात त्यांनी दोन प्रकारचे नकाशे सांगितले. एक अरुंद पट्टीसारखा, ज्यात फक्त आपली एक वाट असते. दुसरा रुंद, ज्यात आजूबाजूची जागाही असते. अरुंद नकाशावाला परिस्थिती थोडी बदलली की हरवतो. मेंदूला इजा, फार जास्त भूक, फार जास्त वैताग, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकणं, या सगळ्यांनी नकाशा अरुंद होतो, असं त्यांचं मत.

निबंधाच्या शेवटी ते उंदरांवरून थेट माणसांवर येतात. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. भीती आणि वैफल्याने माणसांचे नकाशेही अरुंद होतात आणि मग ती परक्या गटांचा द्वेष करायला लागतात, असं त्यांनी लिहिलं. शांततावाद त्यांनी सोडला नव्हता. १९४२ मध्ये युद्धामागच्या प्रेरणांवर त्यांचं छोटं पुस्तक आलं होतं. त्याच काळात मोठा भाऊ रिचर्ड अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात जनरल ग्रोव्ह्ज यांचा वैज्ञानिक सल्लागार होता. मात्र नाझींविरुद्धच्या लढ्यात एडवर्ड हात बांधून बसले नाहीत. १९४४-४५ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संस्थेत काम केलं.

एका सहीचा प्रश्न

टॉलमन साठी ओलांडून गेले होते. १९३७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचं अध्यक्षपद भूषवून झालं होतं, नाव झालं होतं, निवृत्ती जवळ आली होती. तेव्हा, १९४९ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संचालक मंडळाने फर्मान काढलं: प्रत्येक प्राध्यापकाने आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाही अशी शपथ सही करून द्यायची. नाहीतर नोकरी गेली.

टॉलमन कम्युनिस्ट नव्हते. देशाच्या राज्यघटनेशी निष्ठेची नेहमीची शपथ त्यांनी आधीच घेतलेली होती. सही करून मोकळं होणं अगदी सोपं होतं आणि बहुतेकांनी तेच केलं. पण राजकीय मतं तपासून कोणाला शिकवू द्यायचं ते ठरवणं म्हणजे विचारस्वातंत्र्यावर घाला, असं त्यांना वाटलं. त्यांनी सही नाकारली आणि नाकारणाऱ्यांचे ते पुढारी झाले.

यात त्यांचं मोठेपण वेगळ्याच जागी दिसतं. ज्यांच्यावर घर चालतं, ज्यांची कारकीर्द नुकती सुरू झालीय, अशा तरुण सहकाऱ्यांना त्यांनी सही करून टाकायला सांगितलं. लढणं आपल्यासारख्या ज्येष्ठांना परवडतं, त्यामुळे ते आपण करावं, अशी त्यांची भूमिका होती.

ऑगस्ट १९५० मध्ये विद्यापीठाने सही न करणाऱ्या ३१ जणांना काढलं. टॉलमन आणि त्यांचे सोबती कोर्टात गेले. या काळात त्यांनी शिकागो आणि हार्वर्डला शिकवलं. ऑक्टोबर १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकालाचा आधार तसा तांत्रिक होता: राज्याच्या नोकरांनी कोणती शपथ घ्यायची हे राज्याचा कायदा ठरवतो, विद्यापीठाने त्यात स्वतःची भर घालायची नाही. नोकऱ्या परत मिळाल्या, तरी सगळे परत आले नाहीत. काहींनी तोवर दुसरीकडे बिऱ्हाड थाटलं होतं.

टॉलमन १९५४ मध्ये निवृत्त झाले. ज्या विद्यापीठाने त्यांना काढलं होतं, त्यानेच १९५९ मध्ये त्यांना मानद पदवी दिली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला बर्कलीत त्यांचं निधन झालं.

नकाशा खरंच सापडला

टॉलमन यांच्या हयातीत त्यांचा नकाशा ही एक चांगली उपमा होती. मेंदूत तो नेमका कुठे आहे हे दाखवायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. ते काम १९७१ मध्ये लंडनला सुरू झालं. जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर खोलीतल्या एका ठराविक जागी आला की सक्रिय होतात. जागा बदलली की दुसरी पेशी. ओकीफ आणि लिन नेडेल यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच टॉलमन यांची संज्ञा घेतली. २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला शेजारच्या भागात जागेची जाळी आखणाऱ्या पेशी सापडल्या. २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ओकीफ आणि मोझर दांपत्याला मिळालं.

आणि आता म्हातारपणाचा धागा. हिप्पोकॅम्पस हा अल्झायमरमध्ये लवकर बाधित होणाऱ्या भागांपैकी आहे. त्यामुळे उंदराचा नकाशा शाबूत आहे का, हे तपासणं म्हणजे या भागाची तब्येत तपासणं.

म्हाताऱ्या उंदरांची परीक्षा आज कशी होते?

सगळ्यात प्रसिद्ध चाचणी रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेली. एक गोल टाकी घ्यायची, त्यात दुधाने किंवा रंगाने गढूळ केलेलं पाणी. पाण्याच्या पृष्ठभागाखाली थोडंसं एक छोटं व्यासपीठ लपवलेलं. उंदीर पोहता पोहता ते शोधतो. भिंतींवरच्या खुणा पाहून दर वेळी तो लवकर पोचायला लागतो. मग शेवटी व्यासपीठ काढून घेतात. नकाशा पक्का असेल तर उंदीर ते जिथे होतं त्याच भागात घिरट्या घालत राहतो.

दुसरी चाचणी कॅरल बार्न्स यांची, १९७९ ची, आणि ती मुळात म्हाताऱ्या उंदरांसाठीच बनवलेली. उघड्या गोल टेबलाच्या कडेला भोकं, त्यातल्या एकाखाली अंधारी, सुरक्षित पेटी. उंदराला प्रखर उजेड आणि उघडी जागा आवडत नाही, म्हणून तो पेटी शोधतो. उपाशी ठेवायला नको, शॉक नको, पोहायलाही नको.

प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा सी-५७-ब्लॅक-६ जातीचा छोटा उंदीर साधारण दोन ते अडीच वर्षं जगतो. १८ ते २४ महिन्यांचा उंदीर म्हणजे ढोबळमानाने माणसाची पंचावन्न ते सत्तर वर्षं. आता समजा असा म्हातारा उंदीर पाण्यातलं व्यासपीठ शोधायला तरुणापेक्षा दुप्पट वेळ घेतो. स्मरणशक्ती गेली?

थांबा. इथे टॉलमन आठवायचे. शिकणं वेगळं, करून दाखवणं वेगळं. वेळ जास्त लागायची कितीतरी कारणं असू शकतात:

• स्नायू थकलेत, तो हळू पोहतो. म्हणून वेळेबरोबर पोहण्याचा वेग आणि पार केलेलं अंतरही मोजतात.
• त्याला नीट दिसत नाही. काही जातींचे उंदीर तर जन्मापासूनच दृष्टिदोष घेऊन येतात. म्हणून एक फेरी व्यासपीठावर ठळक खूण लावून घेतात. समोर दिसणारं व्यासपीठही गाठता आलं नाही, तर प्रश्न स्मृतीचा नाही.
• गार पाण्याने त्याचं अंग गारठलंय. म्हाताऱ्या उंदरांना हा त्रास जास्त, म्हणून फेऱ्यांच्या मध्ये त्यांना ऊब देतात.
• तो प्रयत्नच करत नाही. छोटे उंदीर मोठ्यांइतके पट्टीचे पोहणारे नसतात, काही जण नुसते तरंगत राहतात.

याच्या उलटही होतं. दोन उंदरांना सारखाच वेळ लागला, पण एक सरळ व्यासपीठाकडे गेला आणि दुसरा भिंतीपासून ठराविक अंतर राखून गोल फिरत फिरत त्याला धडकला. दुसऱ्याकडे नकाशा नाही, नुसती युक्ती आहे. स्टॉपवॉचला हा फरक कळत नाही. म्हणून वर कॅमेरा लावून सॉफ्टवेअरने उंदराचा आख्खा मार्ग टिपतात. २०१८ मध्ये आलेल्या डीपलॅबकट या मोफत सॉफ्टवेअरने तर नाक, कान, शेपटी असे बिंदू व्हिडिओतून आपोआप ओळखणं सोपं केलं. उंदीर फाट्यावर थबकून इकडे तिकडे मान वळवतो, या हालचालीत टॉलमनना फार रस होता. ती आज फ्रेमगणिक मोजता येते.

हे सगळं कशासाठी, तर निष्कर्ष चुकला की पुढचं सगळं चुकतं. २००९ मध्ये रॅपामायसिन या औषधाने, म्हातारपणी द्यायला सुरुवात करूनही, उंदरांचं आयुष्य वाढल्याचं दिसलं. तेव्हापासून आयुष्य वाढवणाऱ्या औषधांचा शोध जोरात आहे. पण नुसतं आयुष्य वाढून काय उपयोग, डोकं शाबूत राहायला हवं. एखाद्या औषधाने उंदीर फक्त जोरात पोहायला लागले आणि आपण त्याला स्मृती सुधारली म्हटलं, तर वर्षं आणि पैसा वाया जातो. आणि अशा औषधाची वाट बघणाऱ्या घरांना खोटी आशा मिळते.

उंदरांकडून फोनपर्यंत

टॉलमन यांचा नकाशा आता प्रयोगशाळेबाहेर आलाय. ऑस्ट्रेलियात उंदराच्या हिप्पोकॅम्पसवरून प्रेरणा घेऊन रॅटस्लॅम ही रोबोटना वाट शोधायला शिकवणारी प्रणाली तयार झाली. मशीन लर्निंगमध्येही नुसत्या बक्षिसावर शिकणारे आणि आधी जगाचं मॉडेल बनवणारे असे दोन प्रकार मानतात. जुनं टेलिफोन एक्स्चेंज आणि नकाशा, हाच तो वाद.

आणि २०१६ मध्ये सी हीरो क्वेस्ट नावाचा मोबाइल गेम आला. होडीतून वाट शोधायचा खेळ, पण मागे डिमेन्शियाचं संशोधन. जगभरातल्या ४० लाखांहून जास्त लोकांनी तो खेळला. वाट शोधण्याची क्षमता कशी बदलते याचं एवढं मोठं चित्र त्यातून मिळालं आणि ती तरुणपणापासूनच हळूहळू उतरत जाते असं त्यात दिसलं. यावेळी भूलभुलैयात उंदीर नव्हता, माणसं होती.

म्हाताऱ्या उंदरांची स्मरणशक्ती परत आणणारं औषध सापडलं, अशी बातमी तुमच्या फोनवर अधूनमधून येतच राहणार. फॉरवर्ड करण्याआधी चार गोष्टी बघा. उंदराची दृष्टी आणि वेग तपासले होते का? एकच चाचणी केली की वेगवेगळ्या केल्या? दुसऱ्या प्रयोगशाळेलाही तेच दिसलं का? आणि हे उंदरात दिसलंय, माणसात अजून नाही, हे बातमीत कुठे लिहिलंय का?

बर्कलीत टॉलमन यांच्या नावाची इमारत १९६३ मध्ये उभी राहिली, त्यांच्या पत्नी कॅथलीन उद्घाटनाला हजर होत्या. भूकंपाला ती टिकणार नाही म्हणून काही वर्षांपूर्वी ती पाडली. व्यासपीठावर ठळक खूण लावून घेतलेली ती एक फेरी मात्र आजही कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत चालू असेल. म्हातारा उंदीर विसरलाय असं म्हणण्याआधी त्याला दिसतंय ना, हे बघायला.